आफ्रिकेला जाणारी आखाजी

माझ्या नावापुढे आज बी.ए. लागते. आमच्या घराण्यात ते पहिल्यांदाच लागले. त्यासाठी आईवडील कष्टले, दोन-तीन मास्तरांनी पुस्तके दिली, त्या सर्वांचे उपकार आहेतच. पण सर्वांत जास्त उपकार कोणाचे असे कोणी विचारले, तर मी झिपरूआप्पांचे नाव घेईन. नंदुरबारच्या मिरचीबाजारातले झिपरूआप्पा मापाडी. जुन्या बाजारकरांना ते 'न शिंकणारे आप्पा' म्हणून आठवत असतील.

मिरचीच्या हंगामात बाजारात पाय ठेवला की माणूस शिंकायला लागतो. हमाल शिंकतात, व्यापारी शिंकतात, गाडीचे बैलसुद्धा फुरफुरतात. आप्पा मात्र लाल ढिगाशेजारी काट्याला हात लावून दिवसभर उभे राहत. नाकाला कधी उपरणे लावले नाही, कधी ठसका नाही. पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायची मापाड्यांची रीत आहे. आप्पांचा "लाऽभ" बाजाराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येई. एकदा बाहेरगावच्या व्यापाऱ्याने डोळे पुसत विचारले, "तुम्हाला कसे काही होत नाही हो?" आप्पा म्हणाले, "मन्ही आनि मिरचीनी वळख शे. वळखना मानूसले ती तरास देत नही."

माझे वडील त्याच बाजारात हमाल होते आणि आमचे घर आप्पांच्या घराला लागून होते. आप्पांची बायको लवकर गेली. मथुरा नावाची एकच मुलगी. तिला त्यांनी एकट्याने वाढवले, मराठी चौथीपर्यंत शिकवले. तिची वेणी ते स्वतः घालत, आणि ती अशी घट्ट घालत की मथुराताईच्या भुवया दिवसभर वर चढलेल्या असत, असे माझी आई सांगे. रेल्वेतल्या एका फिटरशी तिचे लग्न झाले आणि ती नवापूरला राहायला गेली.

लेकीच्या घरचे पाणी पिऊ नये, ही रीत आमच्याकडे पुष्कळांच्या घरी होती. पण उन्हातान्हात माणसे ती थोडी सैल करीत. आप्पांनी कधी केली नाही. नवापूरला जाताना ते भाकरीचे गाठोडे आणि पाण्याने भरलेला तांब्या घेऊन जात. लेकीच्या ओट्यावर बसून आपली भाकर खात, आपले पाणी पीत आणि संध्याकाळच्या गाडीने परत येत. एकदा जावई वैतागून म्हणाले, "आप्पा, पानी तं नदीनं शे, मन्हा बापनं थोडंच शे?"

"नदीनं शे," आप्पा म्हणाले, "पन डोकावर घागर तं मन्ही पोरनी आनी."

पुढे जावयांना आफ्रिकेत, मोंबासाच्या रेल्वे कारखान्यात काम मिळाले आणि मथुराताई माहेरी येऊन, निरोप घेऊन बोटीने तिकडे गेली. आप्पा तिला पोचवायला नंदुरबारच्या स्टेशनापर्यंतच गेले. गाडी सुटल्यावर त्यांनी वडिलांना विचारले, "मोंबासाले पानीना तांब्या लीसन कसं जावानं?" वडील हसले. आप्पाही हसले, पण घरी येऊन दोन दिवस दार लावून बसले.

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी आलीच पाहिजे. तिला आणायला भाऊ किंवा बाप जातो. त्याला मुराळी म्हणतात. लिंबाला झोके बांधतात, सांजोऱ्या होतात, आंब्याचा रस होतो, आणि परत जाताना लेकीच्या ओटीत चोळी पडते. मथुराताई गेल्यावरच्या पहिल्या आखाजीला आप्पा माझ्याकडे आले. मी तेव्हा इंग्रजी दुसरीत होतो आणि आमच्या गल्लीत इंग्रजी अक्षरे लिहिणारा मी एकटाच होतो. म्हणाले, "सुकदेव, पोस्टमा चाल. मथीले चोयी धाडनी शे."

अशी ती चोळीच्या पैशांची आफ्रिकेची मनीऑर्डर सुरू झाली. फॉर्म मी भरायचा, अंगठा आप्पांनी करायचा. पोस्टातले बाबू गमत्ये होते. ते म्हणाले, "आप्पा, लोकांना आफ्रिकेतून पैसे येतात. तुम्ही इथून तिकडे पाठवता?"

"लेकले देवानं ऱ्हास, बाबू. लेवानं नही."

बाबूंनी सांगितले की परदेशी मनीऑर्डरीचे कमिशन देशातल्यापेक्षा जास्त पडते, आणि रुपयाचे शिलिंग करतानाही थोडे जाते. आप्पांनी ते सगळे नीट ऐकून घेतले. मग म्हणाले, "समजनं. घट येस." ओली मिरची वाळली की तिचे वजन उतरते, त्याला बाजारात घट म्हणतात. ती कोणाच्या माथी मारायची यावर रोज भांडणे होतात. आप्पांनी हे भांडण एका वाक्यात मिटवले. "घट मन्ही. पोरले पुरं माप पायजे." म्हणजे चोळीची पूर्ण किंमत तिकडे मथुराताईच्या हातात पडली पाहिजे, आणि वाटेत जे काही झडेल ते आप्पांनी वेगळे भरायचे. बाबू म्हणाले, "अहो, तेवढ्यात आणखी एक चोळी झाली असती." आप्पा म्हणाले, "आते हाऊ कागदच मन्हा मुराळी शे. मुराळीले भाडं नको का?" त्या भाड्यासाठी चैत्रभर त्यांची विडी बंद असे. दरवर्षी.

दोन-तीन वर्षांनी पोस्टात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. अंगठ्याला शाई लावायला आप्पांनी हात पुढे केला, तो डबीवर न पडता शेजारच्या डिंकाच्या बाटलीवर पडला. बाबू हसले. मी बाजारात जाऊन पाहिले, तर आप्पा काट्याची जीभ डोळ्यांनी न पाहता बोटाने चाचपत होते. एक व्यापारी ओरडला, "आप्पा, काटा देखतस का गोंजारतस?" आप्पा म्हणाले, "लाडका शे मन्हा."

त्या महिन्यात मथुराताईला पत्र लिहिताना मी त्यांना न विचारता खाली एक ओळ घातली : आप्पांना कमी दिसते, डोळ्यांत मोतीबिंदू दिसतो.

तीन महिन्यांनी मोंबासाहून मनीऑर्डर आली, आणि मागोमाग पत्र. ते मीच वाचून दाखवले. मथुराताईची सुरुवात शाळेत शिकवल्यासारखी असे आणि तिसऱ्या ओळीला ती घरी येई. "तीर्थरूप आप्पा यांस मथुराचा साष्टांग नमस्कार. येथील सर्व क्षेम. आप्पा, सुरतले जाय आनि डोया दखाड. हाई पैसा फक्त डोयासाठे शे. दुसरा कसाले खर्च कऱ्हा तं तुले मन्ही आन शे."

आप्पांनी पत्र माझ्या हातातून घेतले आणि उलटे धरून बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, "परत धाड."

पोस्टात बाबूंनी सोपा उपाय सांगितला. "घ्यायचे नाहीत ना? मग 'नाकारली' असे लिहितो. आपोआप परत जाईल, तुम्हाला एक पैसा पडणार नाही." कोणीही शहाणा माणूस हे ऐकून घरी गेला असता. आप्पा दचकले. "पोरनी धाडेल वस्तू दारवरथून फिरावू? तिले काय वाटी?" त्यांनी अंगठा करून पैसे घेतले, कपाळाला लावले, आणि त्याच खिडकीत नवा फॉर्म मागितला. तेच पैसे परत मोंबासाला. वर लेकीने एवढे केले म्हणून एक चोळी. आणि घट आप्पांची.

मथुराताईही त्यांचीच मुलगी. तिने ते पैसे पुन्हा पाठवले. आप्पांनी पुन्हा अंगठा केला, पुन्हा परत पाठवले. तिसऱ्यांदा ते आले तेव्हा बाबूंनी कपाळाला हात लावला. "आप्पा, या पैशांनी समुद्र जितका पाहिला तितका मी नकाशातसुद्धा पाहिला नाही." मथुराताईने लिहिले होते, "आपू दोन्ही मियीसन बोटवालानं घर बांधी ऱ्हायनूत का, आप्पा?" हे ऐकून आप्पा इतके हसले की डोळ्यांतून पाणी आले. ते उपरण्याने पुसत राहिले आणि हसणे थांबले तरी पुसतच राहिले. दोन वर्षे बापलेक एकमेकांना तीच रक्कम देत होते. सुरतेच्या डॉक्टरला द्यायला ती पहिल्यांदा पुरली असती. मधल्या काळात डोळे काही थांबले नव्हते.

तेवढ्यात लढाई सुरू झाली. बाबूंनी सांगितले, बोटींचा भरवसा नाही, मनीऑर्डर कधी पोचेल ते आपण सांगू शकत नाही. तिसऱ्या खेपेचे पैसे आप्पांच्या पत्र्याच्या पेटीत, बायकोच्या जुन्या लुगड्यात पडून राहिले. परत पाठवता येत नव्हते, आणि खर्च करायला आप्पा तयार नव्हते. माझी आई त्यांना बोलली, वडील भांडले. "आप्पा, लेकना पैसा म्हनीसन डोया गमाडशी का?" आप्पा ऐकून घेत आणि म्हणत, "बाजरी कितली महाग व्हयनी, नही का?"

पुढच्या उन्हाळ्यात मी मॅट्रिक झालो. गल्लीत पेढे वाटायला पैसे नव्हते, आईने गूळ वाटला. कॉलेज नाशिकला, तिथली फी, राहणे, जेवण हे आमच्या आवाक्यातले नव्हते. वडिलांनी बाजारातल्या एका आडत्याकडे माझ्यासाठी कारकुनीची गोष्टही काढली होती. एके दिवशी दुपारी आप्पा भिंत धरत आमच्या घरी आले. लुगड्याची पुरचुंडी त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली.

"नाशिकले जाय."

वडील म्हणाले, "आप्पा, हाऊ तं मथीना पैसा."

"म्हनीसन तं आना. माले चालत नही. मी बाप शे. याले चालस. हाऊ तिना धाकला भाऊ. मोठी बहीननं खावाले भाऊले कोनी नही म्हनत नही." मग माझ्याकडे तोंड करून, थोडे बाजूलाच पाहत, म्हणाले, "पेटीमा पडीसन काय व्हवाव शे? कोनले तरी दिसू दे."

मला इथे खरे सांगितले पाहिजे. ते पैसे कशासाठी आले होते हे मला माहीत होते. पत्र मीच वाचले होते, त्यातली शपथही मीच मोठ्याने वाचली होती. "आप्पा, हे डोळ्यांचे आहेत, मी घेणार नाही," हे वाक्य माझ्या तोंडापर्यंत आले होते. पण मला नाशिकला जायचे होते. मी खाली वाकून त्यांच्या पाया पडलो, आणि पुरचुंडी घेतली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पत्र लिहायला बसवले. "लिख : पैसा पोचना. सुरतले गयथू. डोया बरा व्हयना."

मी थांबलो. ते म्हणाले, "लिख ना. आते मुंगी बी दिखस, असं लिख. तिले हासू यी."

मी तेही लिहिले. माझे अक्षर चांगले होते. सहा महिन्यांनी मथुराताईचे उत्तर आले, तिने शेजाऱ्यांना साखर वाटली होती.

त्या पैशांत माझे पहिले वर्ष निघाले. पुढे फीची नादारी मिळाली, मी शिकवण्या केल्या आणि कसेबसे रेटले. सुट्टीत घरी आलो की आधी आप्पांकडे जाई, आणि प्रत्येक वेळी ते मला आणखी जवळ गेल्यावर ओळखत. दुसऱ्या वर्षी त्यांनी काटा सोडला. कोणी काढले नाही त्यांना. सातपुड्यातल्या एका गरीब पावरा आदिवासी शेतकऱ्याच्या मालात त्यांच्याकडून एक माप कमी धरले गेले. तो बिचारा काही बोललाही नसता. जाताना नुसता म्हणाला, बाबा, घरून निघताना जास्त होती. आप्पांनी माल पुन्हा चढवायला लावला, चूक निघाली, त्याची भरपाई करवली, आणि हातातले वजन खाली ठेवले. "आतेपाइन लाभ दुसराले म्हनू द्या." बाजारातून घरापर्यंत वडिलांनी त्यांना हात धरून आणले. त्या दिवशी वाटेत आप्पा शिंकले, असे वडील सांगत. खरे असेल, नसेल.

मग ते ओट्यावर बसून राहू लागले. जेवण आमच्या घरून जाई. आखाजी आली की मात्र उठत, चाचपत चाचपत दारापुढच्या लिंबाला झोका बांधत. झोक्यावर बसायला त्यांच्या घरात कोणी नव्हते. माहेरी आलेल्या गल्लीतल्या मुली येत, दोन झोके घेत आणि आपल्या मैत्रिणींत निघून जात. दोराचा आवाज आला की आप्पा विचारीत, "कोन शे व?" मुलगी नाव सांगे. "कोन्ही लेक?" ती बापाचे नाव सांगे. "बठ, माय, बठ," ते म्हणत. एका आखाजीला मी पाहिले, झोका वाऱ्याने हलत होता आणि आप्पा विचारत होते, "कोन शे व?" त्यांनी पुन्हा विचारले. मग उठून दोर हातात धरला आणि स्थिर केला.

मी बी.ए. झालो, धुळ्याच्या एका हायस्कुलात मास्तर झालो. चार महिन्यांच्या पगारातून सुरतेच्या खर्चाएवढी रक्कम साठवली आणि चैत्रात आप्पांना मनीऑर्डर केली. सोबत लिहिले, हे मुलीचे नाहीत, माझे आहेत, आता तुम्हाला कसलीच अडचण नाही. आठ दिवसांनी पोचपावती आली. तिच्यावर आप्पांचा अंगठा होता. ती पावती वर्गातल्या पोरांना दाखवावी एवढ्या आनंदात मी होतो.

वैशाखात वडिलांचा निरोप आला. आखाजीच्या आधी आप्पांनी बाबूंना विचारले होते, मोंबासाची मनीऑर्डर आता जाते का. बाबू हो म्हणाले. आप्पांनी माझे सगळे पैसे मथुराताईला पाठवले. लढाईमुळे चार-पाच आखाज्या राहिल्या होत्या, त्या सगळ्या एकदम.

तेव्हा मी शाळेतून पगाराची उचल घेतली, त्यांना एक पत्र लिहिले आणि शनिवारी जाऊन दुसऱ्या दिवशी त्यांना सुरतेला नेले. ते नवे धोतर नेसून बसलेच होते. डॉक्टरांनी दोन्ही डोळे बराच वेळ तपासले आणि मला बाहेर बोलावून सांगितले की आता काही होण्यासारखे नाही. चार-पाच वर्षांपूर्वी आणले असते तर नक्की दिसले असते. मी आप्पांना सांगायला गेलो, तर ते म्हणाले, "समजनं. डॉक्टर बाहेर लयी गया ना तुले." परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसले. नवापूर आल्याचे त्यांनी मला सांगितले. कशावरून ओळखले कोण जाणे. मग म्हणाले, "मथीले काय लिखशी?"

"खरं लिखसू, आप्पा."

"लिख," म्हणाले. "पन हयूहयू लिख."

मी अजून हळूहळू कसे लिहायचे याचाच विचार करीत होतो, आणि त्याच वर्षी थंडीत आप्पा गेले. लढाई संपल्यावर मिळाली त्या पहिल्या बोटीने मथुराताई आली. मी तिला स्टेशनावरून घरी आणले, सगळे सांगितले, माझे नाव न वगळता. तिने मला बोल लावला नाही. आप्पांची पेटी उघडून तिने त्यातले माझे पत्र काढले, वाचले आणि माझ्या हातात दिले. "तुन्हं शे. ठेव." ते पत्र असे :

"तीर्थरूप झिपरूआप्पा यांस सुकदेवचा साष्टांग नमस्कार विनंती विशेष. हे पत्र शेजारची काशी वाचून दाखवील. तिला म्हणावे, सावकाश वाच, काही गाळू नको.

तुम्ही पैसे मथुराताईला पाठवलेत हे कळले. मला राग आलेला नाही. पण यापुढे मी तुम्हाला पैसे पाठवणार नाही. शनिवारी सकाळच्या गाडीने मी स्वतः येतो. रविवारी आपण दोघे सुरतेला जाऊ. तिथल्या दवाखान्यात मी पत्र लिहून विचारले आहे. आठ दिवस राहावे लागेल, मी शाळेतून रजा काढली आहे. खर्च मी माझ्या हाताने डॉक्टरांना देईन, तुमच्या हातात देणार नाही.

आप्पा, एक गोष्ट मी तुमच्यापाशी कधी बोललो नाही. मॅट्रिकच्या साली तुम्ही दिलेले पैसे कशाचे होते हे मला माहीत होते. मी नको म्हणायला हवे होते. तुम्ही आग्रह केला असता, तरी एकदा तरी म्हणायला हवे होते. मी म्हटले नाही. नाशिकला पहिल्या वर्षी रात्री दिव्याखाली वाचताना मला ते रोज आठवे, आणि तरीही मी वाचत राहिलो.

डोळे बरे झाले, मुंगीसुद्धा दिसते, असे आपण मथुराताईला कळवले होते. सांगितले तुम्ही, पण लिहिले मी, आणि तिने त्यावर साखर वाटली. मी तिला अजून खरे कळवलेले नाही. सुरतेहून परत आलो की कळवायचे कारणच उरणार नाही. आपण तिला लिहिले होते ते तेव्हा खरे झालेले असेल.

धोतर धुतलेले ठेवा. बाकी काही बरोबर घ्यायचे नाही. पाणी मी आणतो.

आपला,
सुकदेव"